चादरींच्या गावची फियाट

इटलीतल्या तुरिनच्या मोटार संग्रहालयात एका दालनात पायाखाली शहरच पसरलेलं आहे. आकाशातून दिसावा तसा तुरिनचा भलामोठा नकाशा जमिनीवर आहे. रस्ते, पूल, पो नदीचं वळण, आणि जिथं जिथं कधीकाळी मोटारी बनत होत्या त्या जागांच्या खुणा. लोक त्यावरून चालत फिरतात. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा काठीच्या टोकानं कुठलीशी गल्ली शोधत होते. ती सापडल्यावर त्यांनी नातीला हाक मारली, काहीतरी सांगितलं, आणि ती पोरगी पाय जुळवून उडी मारून नेमकी त्या जागेवर उभी राहिली. माझा भाचा तिथं शिकतो, त्याला इटालियन येतं. तो म्हणाला, आजोबांच्या वडिलांचं तिथं छोटं वर्कशॉप होतं, दिव्यांच्या कडा ठोकून द्यायचे. मग आजोबांनी आमच्याकडे वळून विचारलं, तुम्ही कुठले? इंडिया. मुंबई? नाही, सोलापूर. तिथं काय बनतं? भाच्यानं क्षणाचाही वेळ न लावता सांगितलं, चादरी. आजोबांनी अंगठा तर्जनीवर घासून कापडाचा पोत बघितल्यासारखं केलं, मान डोलावली, आणि नातीचा हात धरून पुढच्या दालनात गेले.

उत्तर अगदी बरोबर होतं. सोलापूर म्हटल्यावर कुणीही तेच सांगेल, आणि ते सांगताना मलाही नेहमी अभिमानच वाटत आला आहे. पण त्या नकाशावर उभं असताना ते पुरेसं वाटेना. आजोबा ज्या शहरातले, त्या शहरातली गाडी माझ्या लहानपणात काठोकाठ भरलेली होती. त्यांची फियाट आमच्या गल्लीत खोलली जायची, जोडली जायची, रंगवली जायची, चार पोरांनी धक्का मारल्यावर चालू व्हायची. आणि ती गाडी आपल्या देशात ज्या कारखान्यात तयार झाली, तो कारखाना काढणारा माणूस, वालचंद हिराचंद, सोलापुरात जन्मलेला. माझा भाचा वालचंद कॉलेजच्या फाटकावरून रोज क्लासला गेलेला आहे. त्या नावाचा आणि मोटारीचा काही संबंध आहे हे त्याला कुणी, कधी, कुठल्याही वर्गात सांगितलं नव्हतं.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. नवी पेठेच्या मागच्या अंगाला, एका गाळ्याचं. पुढे लाकडी काउंटर, त्याची कड ग्रीसच्या हातांनी काळी गुळगुळीत झालेली. मागे छतापर्यंत कप्पे आणि प्रत्येक कप्प्यावर अण्णांच्या अक्षरात नाव: किंगपिन, टायरॉड एंड, फॅन बेल्ट, क्लच प्लेट. सुट्टीत मी आणि माझी बहीण वायसर मोजून त्यांच्या पुड्या बांधायचो. नव्या पार्टवर मेणचट कागद असायचा. तो सोलताना यायचा तो वास तेल, रबर, पत्रा आणि उन्हात तापलेली धूळ यांचा मिळून होता, आणि आजही तो कुठं आला तर माझी पावलं थांबतात. दिवसभर मिस्त्री यायचे. कुणी घरात तेलुगू बोलणारे, कुणी कानडी, कुणी दखनी, आणि काउंटरपाशी आल्यावर सगळ्यांची मिळून आमची सोलापुरी. झिजलेला पार्ट ‘संचार’च्या पानात गुंडाळून आणलेला असायचा. तो सोडवून ठेवायचे आणि म्हणायचे, “अण्णा, ह्याचा भाऊ दाखवा की.” अण्णा तो हातात फिरवायचे, अंगठ्यानं झीज बघायचे, आणि पुष्कळदा नवा काढून देण्याऐवजी म्हणायचे, “अजून जाईल की रे. लेथवर बुश मारून घे.” दारात आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणं आईला पटायचं नाही. पण मिस्त्री आमच्याकडे यायचे ते त्यामुळेच.

तुरिनच्या त्या संग्रहालयात वास नव्हता. आत शिरल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं ते हे. इतक्या गाड्या, पण पेट्रोलची एक झुळूक नाही, ग्रीस नाही, जळकं ऑइल नाही. कार्लो बिस्कारेत्ती नावाच्या गृहस्थांनी १९३० च्या दशकापासून या गाड्या जमवायला घेतल्या होत्या. नदीकाठची ही इमारत १९६० साली उघडली आणि ते आदल्या वर्षीच गेले. एका माणसाच्या ध्यासातून उभ्या राहिलेल्या जागेत एक वेगळी ऊब असते, ती तिथं आहे. बघणं वरच्या मजल्यावरून सुरू होतं. १८५४ सालची बोर्दिनोची वाफेची गाडी आहे. ती म्हणजे चक्क बग्गी, फक्त घोडे सोडलेले आणि मागे बॉयलर बसवलेला. १८९९ ची पहिली फियाट आहे. तिच्यात माणसं समोरासमोर बसायची आणि तिला रिव्हर्स गिअरच नव्हता. तिच्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले. आमच्या घरी पुढे जी फियाट आली तिची ही पणजी, असं काहीतरी मनात चाललं होतं आणि भाचा पुढे चला म्हणून खुणावत होता.

पण मला खरं धरून ठेवलं ते इटाला नावाच्या गाडीनं. १९०७ साली पेकिंग ते पॅरिस अशी शर्यत झाली. १० जूनला पाच गाड्या निघाल्या आणि १० ऑगस्टला राजपुत्र बोर्गेसे यांची ही इटाला सगळ्यांच्या आधी पॅरिसला पोचली. गाडीत राजपुत्र, त्यांचा मेकॅनिक गुइझार्दी आणि बार्झिनी नावाचा पत्रकार. गोबीचं वाळवंट, सैबेरियाचा चिखल, कुजलेले पूल. एका पुलावरून तर गाडी खाली कोसळली होती. सात लिटरच्या वरचं इंजिन, उघडी बैठक, आणि चाकं लाकडी आऱ्यांची. बार्झिनींनी नंतर सगळी हकिगत लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळतं की रशियात एक चाक पार खिळखिळं होऊन मोडलं, तेव्हा एका खेड्यातल्या गाडे बनवणाऱ्या सुतारानं नुसत्या कुऱ्हाडीनं नवं चाक घडवून दिलं. गज नाही, लेथ नाही, कुऱ्हाड. त्या चाकावर गाडी पुढे गेली. राजपुत्राचं नाव राहिलं, मेकॅनिकचं राहिलं, पत्रकाराचं राहिलं. सुतार नुसता सुतार राहिला. मी त्या गाडीच्या चाकांकडे बघत होते आणि मला आमच्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर बसून चहा पिणारे मिस्त्री एकेक करून आठवत होते.

मोटारीचा लांबचा पहिला प्रवासही असाच दुरुस्त्या करत झाला. कार्ल बेंझनं १८८६ साली तीन चाकांच्या गाडीचं पेटंट घेतलं, पण गाडी फारशी कुणी घेईना. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीतून मानहाइमहून माहेरी, फोर्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वरचा रस्ता. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिनं टोपीच्या पिनेनं ती मोकळी केली. वायरचं आवरण झिजलं तेव्हा मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक लागेनासे झाले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यांना चामडं मारून घेतलं, आणि इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली तेव्हा त्याला ती फार नवलाची वाटली. मला ती ओळखीची वाटली. तुळजापूरला जाताना एकदा चढावर आमची गाडी धापा टाकून थांबली. अण्णांनी बोनेट उघडलं, कार्बोरेटरची जेट काढली, उजेडात धरून तिच्या भोकातून एक डोळा मिटून पाहिलं आणि मागे न बघता हात पुढे केला. आईनं न बोलता अंबाड्यातला आकडा काढून त्या हातावर ठेवला. जेट साफ झाली. आकडा पुसून परत अंबाड्यात गेला. घरी येईपर्यंत आईच्या केसांना पेट्रोलचा वास होता.

ती गाडी म्हणजे अण्णांनी एका डॉक्टरांकडून घेतलेली जुनी फियाट. फिकट निळी. पुढची बैठक अखंड, बाकासारखी, त्यामुळे पुढे अण्णा, आई आणि आम्ही दोघी सहज मावायचो. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. तो वर-खाली करताना अण्णांच्या मनगटाला एक लय असायची आणि मी ती बघत बसायचे. बैठकीचं रेक्झिन उन्हाळ्यात मांड्यांना चटका द्यायचं म्हणून आईनं त्यावर आपली सोलापुरी चादर घातली होती, तांबड्या पट्ट्यांची. आणि उन्हाळा म्हणजे आमचा उन्हाळा. पारा ४४ वर गेला की गाडी दुपारी पेट्रोल ओढेनाशी व्हायची. पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिन तडफडून बंद पडायचं. मग इंजिनाजवळच्या त्या पंपावर ओलं फडकं टाकायचं, बोनेट उघडं ठेवून लिंबाखाली थांबायचं. अक्कलकोटच्या रस्त्यावर अशा कितीतरी फियाटी झाडाखाली उघड्या तोंडानं उभ्या दिसायच्या, आणि बाजूला सतरंजी टाकून कुटुंबं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खात बसलेली असायची. कुणाची कुरकुर नसायची. गाडी तापते, गाडी निवते, मग आपण निघतो, हे सगळ्यांनी मान्य केलेलं होतं.

संग्रहालयातल्या डिझाइनच्या दालनात मात्र माझं मन दोन्हीकडे ओढलं जात राहिलं. तिथं १९४७ ची चिसितालिया २०२ आहे, पिनिनफारिनांच्या कारखान्यात घडलेली. त्याआधीच्या गाड्यांचं बोनेट वेगळं, मडगार्ड वेगळे, दिवे वेगळे, सगळं एकमेकांना आणून जोडलेलं दिसतं. हिच्यात कुठं काय संपतं आणि काय सुरू होतं ते बोटानं दाखवता येत नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं १९५१ साली मोटारींचं प्रदर्शन भरवलं त्यात ही गाडी होती, आणि पुढे त्यांनी ती चित्रं-शिल्पांच्या बरोबरीनं कायमची ठेवून घेतली. ते योग्यच झालं. ती बघताना मला खरोखर भरून आलं. पण तो पत्रा कुणी वळवला? लाकडी साच्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा ठेवून हातोडीनं, इंच इंच, तुरिनच्या ठोककाम करणाऱ्या कारागिरांनी. आमच्या दुकानापलीकडे डेंटिंगचं काम चालायचं. तिथले एक चाचा चेपलेला मडगार्ड आतून डॉलीनं धरायचे आणि बाहेरून हातोडीचे इतके हलके ठोके द्यायचे की तो आवाज ऐकून आम्ही अभ्यास करत असू. मधेच थांबून, फडकं घेतलेला तळवा पत्र्यावरून फिरवायचे, डोळे मिटून. “आँख धोका देती बेटा, हाथ नहीं देता,” असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. फियाटच्या मडगार्डची गोलाई त्यांच्या तळव्यात होती. कागदावरचं त्या गाडीचं चित्र त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

डिझाइन म्हणजे काय हे खरं तर सोलापूरला कुणी वेगळं शिकवायला नको. इथं घराघरात माग होते. ग्राफच्या कागदावर चौकोन भरत नक्षी काढणारी माणसं, त्या नक्षीचे पुठ्ठे टोचणारी माणसं, आणि जेकार्डवर ते पुठ्ठे खडखडत फिरताना सुतात मोर उतरताना बघणारी आम्ही पोरं. चादरीवर गिरणीचं नाव असतं, कारखानदाराचं असतं, नक्षी काढणाऱ्याचं नसतं. तुरिनच्या दालनात डिझाइनरांची नावं मोठ्या अक्षरात आहेत, आणि असायलाच हवीत. ते वाचताना मला आमच्या नक्षीवाल्यांचं वाईट वाटलं, आणि हेही वाटलं की निदान इथं कुणीतरी नावं लिहायला सुरुवात केली आहे.

आता त्या गाडीबद्दल. फियाटचा दान्ते जाकोसा हा मोठा इंजिनिअर. त्याच्या हाताखाली घडलेली नवी ११०० तुरिननं मार्च १९५३ मध्ये लोकांपुढे आणली. तिचंच रूप बदलत बदलत १९६२ ची ११०० डी आली, आणि तीच १९६४ पासून आपल्याकडे बनू लागली. इटलीत त्या घराण्याच्या गाड्या १९६९ साली थांबल्या. तिथं तिची गोष्ट संपली. आपल्याकडे ती तेव्हा जेमतेम सुरू झाली होती. सत्तरीच्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, आणि तीच १०८९ सीसीची गाडी शतक संपेपर्यंत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघत राहिली. मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. म्हणजे तुरिनमध्ये जन्मलेल्या त्या गाडीच्या आयुष्याचा मोठा भाग आपल्या रस्त्यांवर गेला. तिचं म्हातारपण आपण काढलं. मोटारीचा इतिहास सांगताना कोणती गाडी कधी जन्मली, कुणी आखली हे सांगतात. ती पुढची तीस-चाळीस वर्षं कुणाच्या हातांवर जगली हे सांगत नाहीत. ते हात मी पाहिले आहेत.

परत आल्यावर मी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसले. वाचनालयाला नाव आहे ते वालचंदांच्या वडिलांचं. वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, इथलाच. सावकारी-सुताच्या घरच्या धंद्यात मन रमेना म्हणून लक्ष्मणराव फाटकांना भागीदार घेऊन त्यांनी रेल्वेच्या कामांचे ठेके घेतले. पुढे १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट इंग्लंडला निघाली त्यामागे तेच होते. मोटारीचं वेड त्यांना १९३९ मध्ये अमेरिकेला घेऊन गेलं. तिकडून परतताना विमानात एका अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली आणि मोटारीच्या आधी विमानाचाच कारखाना झाला, डिसेंबर १९४० मध्ये, बंगळूरला. मग १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजांच्या कारखान्याचा पाया घातला. मोटार मात्र अडली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला होता, पण युद्धाच्या काळात इंग्रज सरकारला हिंदुस्थानात मोटार बनवणं गरजेचं वाटेना. प्रीमियर कंपनी उभी राहिली १९४४ मध्ये आणि क्रायस्लरच्या गाड्या कुर्ल्याहून बाहेर पडू लागल्या त्या १९४७ मध्ये. हे मी आधीही थोडंफार ऐकलं होतं. पण तारखा एकाखाली एक वहीत उतरवताना एका ठिकाणी पेन थांबलं. वालचंद गेले ८ एप्रिल १९५३ ला. जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात नवी ११०० लोकांपुढे येऊन तेव्हा महिनाभर झाला होता. ज्या गाडीनं त्यांच्या कारखान्याचं नाव घराघरात नेलं, ती त्यांनी पाहिलीच नाही.

खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न येत होते. मी वही मिटून बराच वेळ तशीच बसले होते.

तुरिनमध्ये संग्रहालयापासून जवळच फियाटचा लिंगोत्तोचा कारखाना आहे. १९२३ सालचा, पाच मजली. खालच्या मजल्यावर कच्चा माल आत जायचा, मजल्यामागून मजला गाडी वर चढत जोडली जायची, आणि पुरी झालेली गाडी थेट गच्चीवर निघायची, जिथं ती पळवून बघायला अख्खा ट्रॅक बांधलेला आहे. १९८२ साली तो बंद झाला. आता तिथं दुकानं आहेत, हॉटेल आहे, गच्चीवर झाडं लावली आहेत. आम्ही त्या गच्चीवर चालत फिरलो. दूर आल्प्सवर बर्फ दिसत होतं. माझ्या मनात आमच्या गिरण्या होत्या. १८७७ ची जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. पहाटेचा भोंगा झाला की आमच्या घरात दिवस उगवायचा. आईचं पाणी तापवणं, अण्णांचं दुकान, सगळं भोंग्यावर चालायचं. भोंगे थांबले तेव्हा अण्णांच्या दुकानावरही त्याचा परिणाम झाला. गिरणीत जॉबर असलेल्यांच्या स्कूटरी विकल्या गेल्या, फिटर असलेल्यांनी गॅरेजं टाकली, आणि गाड्या कमी, मिस्त्री जास्त असे काही वर्षांचे दिवस गेले. लिंगोत्तोच्या त्या उतरंडीवरून चालताना तिथल्या कामगारांच्या घरांचं काय झालं असेल हे माझ्या डोक्यातून जाईना. कारखान्याची भिंत राखली म्हणजे सगळं राखलं असं होत नाही. पण भिंतही न राखणं त्याहून वाईट, असं माझं मत तिथंच पक्कं झालं.

जुन्या दिवसांना फार गोड रंग देणं मला मंजूर नाही. ती गाडी इतकी वर्षं टिकली याचं एक कारण असं की दुसरी मिळतच नव्हती. गाडीसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, आणि मिळायची ती दशकं जुन्या आराखड्याची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा अण्णांनी एका गिऱ्हाइकाच्या नव्या मारुतीचं बोनेट उघडून पाहिलं, हळूच लावलं, आणि संध्याकाळी आईला म्हणाले, “फार चांगली गाडी आहे. आपल्याला काम ठेवलेलं नाही तिनं.” त्यांना तिचं कौतुकही होतं आणि भीतीही. मिस्त्रींच्या हाताचंही असंच. त्या हातांचं मी आज कौतुक करते, पण त्यातल्या कितीतरी हातांची बोटं फॅनमध्ये गेली होती, अॅसिडनं कातडी गेलेली होती, आणि म्हातारपणी औषधाला पैसे नव्हते. मडगार्डवर तळवा फिरवणाऱ्या चाचांना शेवटी रंगाच्या वाफांनी दम्याचा त्रास झाला. नाकाला रुमाल बांधण्यापलीकडे त्यांना कुणी काही दिलं नव्हतं. त्यांचं कसब लिहून ठेवायचं तर हेही लिहायला हवं. जमिनीवरचा तो नकाशा मला इतका आवडला तो त्यात मोठ्या कारखान्यांच्या बरोबरीनं बुडालेल्या, विस्मरणात गेलेल्या नावांनाही जागा होती म्हणून.

सोलापूरचा असा नकाशा करायचा मी ठरवलं आहे. संग्रहालय वगैरे माझ्या हातात नाही. शहराचा मोठा छापील नकाशा आणला, पुठ्ठ्यावर चिकटवला, आणि अण्णांच्या उधारीच्या जुन्या वह्या काढल्या. त्या वह्यांत सगळी गॅरेजं आहेत, गल्लीच्या नावासकट, कुणी कुठला पार्ट नेला आणि किती दिले, किती राहिले ते. त्यावरून पहिल्या खुणा झाल्या: विजापूर वेस, भैय्या चौक, सात रस्ता, अशोक चौक. पण वहीत काम नसतं, नुसतं नाव असतं. कुणाचा हात कार्बोरेटरवर बसलेला, कोण रेडिएटरला डाग देणारा, कोण फक्त गिअरबॉक्सच उघडायचा, हे माणसांनाच विचारावं लागतं. म्हणून नकाशा घेऊन मी अण्णांकडे येणाऱ्या दोन म्हाताऱ्या मिस्त्रींना भेटले. एक आता मुलाच्या गॅरेजात खुर्ची टाकून बसतात, दुसरे घरीच असतात. दोघांना एकत्र आणलं. नकाशा बघून आधी दोघं गप्पच होते. मग एकानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, बोट ठेवलं आणि म्हणाले, “इथं आपण अॅम्बॅसिडरची इंजिनं उतरवायचो की. आंब्याच्या फांदीला साखळी बांधून. झाड गेलं आता.” त्यानंतर दोन तास मला पेन खाली ठेवता आलं नाही.

फियाटचा स्टिअरिंगवरचा गिअर झिजला की दुसऱ्याच्या जागी तिसरा पडायचा, मध्येच अडकायचा. त्यासाठी कंपनीचा बुश मिळायचा, पण आमच्या मिस्त्रींना तो पटेना. इथल्या धुळीत तो वर्षही काढायचा नाही. गावात एक लेथवाले होते, त्यांनी पितळेचा बुश काढून दिला, आत तेलाला एक बारीक चर ठेवून. तो बुश नंतर पंढरपूर, बार्शी, गुलबर्ग्यापर्यंतच्या फियाटींत गेला असं दोघंही सांगतात. लेथ कुठं होता यावर मात्र त्यांचं जमेना. एक म्हणे चाटी गल्लीच्या तोंडाशी, दुसरे म्हणे छे, तो नंतर, आधी रेल्वे लाइन्सकडे. आवाज चढले. सूनबाई चहा घेऊन आल्या तरी कुणी कप उचलेना. शेवटी मी दोन्ही ठिकाणी पेन्सिलीनं खूण केली आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं. लेथवाल्यांचा धाकटा मुलगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काम करतो असं कळलं आहे, आणि वडिलांच्या हातचा एक बुश त्याच्या देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात अजून आहे असंही. त्याला फोन झाला आहे. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी या म्हणाला. भाच्यालाही सांगून ठेवलं आहे, तो दिवाळीला येतोय तेव्हा त्या बुशाची मापं घेऊन त्यानं नीट ड्रॉइंग करून द्यायचं, आणि खाली लेथवाल्यांचं नाव लिहायचं.